महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज: आधी बँक, मग दाखले, शेवटी फॉर्म

बारावीनंतर प्रवेश झाला की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक ओळ झळकते : ‘पात्र विद्यार्थ्यांनी महाडीबीटीवर अर्ज भरावा.’ ज्यांच्या घरात याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्यांना या ओळीतून काहीच कळत नाही. पात्र म्हणजे कोण, कोणता अर्ज, कुठले कागद आणि पैसे नेमके कुणाच्या खात्यात येणार? मग सगळे सायबर कॅफेवर सोडले जाते आणि मार्चमध्ये कळते की अर्ज डिसेंबरपासून परत आलेला पडून होता.

फॉर्म भरायला तासभर लागतो. तो अवघडही नाही. अर्ज अडतात ते फॉर्मच्या आधीच्या गोष्टींवर : आधारवरचे नाव, बँकेची जोडणी, मुदत संपलेला दाखला. म्हणून या लेखात फॉर्म बराच खाली येतो. क्रम बदलू नका. शेवटच्या आठवड्यात फॉर्म भरता येतो, पण आधारवरचे नाव त्या आठवड्यात दुरुस्त होऊन येत नाही.

1. आपण कोणत्या योजनेत बसतो ते आधी ठरवा

महाडीबीटी हे राज्य सरकारचे एक पोर्टल आहे, ती एक योजना नव्हे. डीबीटी म्हणजे लाभाचे पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा करणे. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण, कृषी, अल्पसंख्याक विकास अशा अनेक विभागांच्या योजना तिथे एकत्र मांडलेल्या आहेत. बहुतेकांना लागणाऱ्या योजना अशा :

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 2.5 लाख रुपये आहे. शुल्काशिवाय निर्वाह भत्ताही यात मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजना पाहा. तिलाच सगळे ‘फ्रीशिप’ म्हणतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि ओबीसींसाठीही शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप अशा दोन स्वतंत्र योजना आहेत. त्यांच्या उत्पन्नमर्यादा वेगळ्या असल्याने पोर्टलवर योजनेच्या नावाखालची पात्रता त्या वर्षी वाचूनच पुढे जा.

खुल्या प्रवर्गातील ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. बोलताना हिला अजूनही ‘ईबीसी’ म्हणतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांत यातून साधारणपणे शिक्षण शुल्काच्या 50 टक्के रक्कम मिळते. मुलींसाठी 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि ओबीसी या प्रवर्गांतील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमात आलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा 100 टक्के लाभ मिळतो. ‘मुलींना सगळे फुकट’ असे ऐकून फॉर्मच न भरणाऱ्या मुली भेटतात. हा लाभसुद्धा अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीवर राहणार असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना वेगळी आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुले तिथे अर्ज करू शकतात. शुल्काची योजना आणि राहण्याचा भत्ता हे दोन स्वतंत्र अर्ज आहेत. दोन्हींना पात्र असाल तर दोन्ही भरा. अनेकजण पहिला भरून थांबतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

इथे तीन गोष्टींवर गैरसमज फार आहेत.

पहिली गोष्ट प्रवेशाची. व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर या योजनांचे दार बंद होते. जागा स्वीकारण्याआधीच हे घरात सांगा, कारण नंतर काही करता येत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. 50 टक्के म्हणजे कॉलेजच्या एकूण शुल्काच्या निम्मे नव्हे, फक्त शिक्षण शुल्काच्या निम्मे. समजा एकूण शुल्क 1,00,000 आहे, त्यात शिक्षण शुल्क 90,000 आणि विकास शुल्क 10,000. मग योजनेतून 45,000 येतील आणि तुमच्या वाट्याला 55,000 राहतील, 50,000 नाही. खाणावळ, बस, अनामत रक्कम हे सगळे त्याबाहेर. घराची तजवीज या आकड्यावर करा.

तिसरी गोष्ट भावंडांची. राजर्षी शाहू योजनेचा लाभ एका कुटुंबातील दोनच अपत्यांना मिळतो. मोठ्या दोघांनी तो घेतला असेल तर तिसऱ्यासाठी दुसरा मार्ग शोधावा लागेल.

2. केंद्राचे पोर्टलही एकदा पाहून घ्या

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, म्हणजे ‘एनएसपी’, हे केंद्र सरकारचे वेगळे संकेतस्थळ आहे. तिथे दोन योजना बऱ्याच जणांच्या कामाच्या. एक केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती : बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असलेल्या आणि 4.5 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 रुपये. दुसरी मुलींसाठीची ‘प्रगती’ : एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, मान्यताप्राप्त तांत्रिक पदवी किंवा पदविकेच्या मुलींना वर्षाला 50,000 रुपये, उत्पन्न 8 लाखांपर्यंत, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी तशीच ‘सक्षम’ ही योजना आहे.

एका वर्षी एकाच शिक्षणासाठी दोन शिष्यवृत्त्या घ्यायला सहसा मनाई असते, आणि आधारमुळे ते लपत नाही. म्हणून आधी आकडे मांडा. राज्याच्या योजनेतून 45,000 मिळणार असतील तर 12,000 च्या योजनेसाठी ते सोडू नका. साध्या बीए, बीकॉमला शुल्कच थोडे असेल तर गणित उलटे होते.

3. आधार कार्डाची तपासणी

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षरन् अक्षर वाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी. या क्रमाची काळजी करू नका. खरी अडचण होते ती स्पेलिंगच्या फरकाने, ‘राव’, ‘बाई’, ‘भाऊ’ अशा प्रत्ययांनी, आणि वडिलांचे नाव गळल्याने किंवा फक्त आद्याक्षर असल्याने. जन्मतारीखही तपासा. लहानपणी काढलेल्या अनेक आधार कार्डांवर नुसते वर्ष छापलेले असते.

दुरुस्ती आधारवर करायची, गुणपत्रिकेवर नाही. दहावीची गुणपत्रिका हेच मूळ प्रमाण धरा आणि बाकी सगळे तिच्याशी जुळवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा घाईत पुन्हा चुकीचे स्पेलिंग देऊन संधी घालवू नका. पावती हातात घेताना इंग्रजी आणि मराठी दोन्ही ओळी तिथेच वाचा.

मोबाईल क्रमांक आधारशी जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. क्रमांक आधार केंद्रावर जोडून मिळतो, त्याला कागद लागत नाहीत. तसेच वयाच्या 15 व्या वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यायचे असतात. ते राहिले असेल तर त्याच फेरीत उरका. ठशांची पडताळणी फसणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांत हेच कारण वारंवार निघते.

4. बँक : आधार ‘लिंक’ आणि आधार ‘सीडिंग’ यांत फरक आहे

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

महाडीबीटी पैसे खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधार क्रमांकावर पाठवते. एनपीसीआय, म्हणजे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, या संस्थेकडे एक नोंदवही असते : कोणत्या आधारला सध्या कोणती बँक जोडलेली आहे. पैसे त्या नोंदीतल्या बँकेत जातात. त्या नोंदीला सीडिंग म्हणतात. बँकेने केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाच्या ओळख पडताळणीसाठी, आधारची झेरॉक्स घेऊन खात्याला क्रमांक लावला, ते झाले लिंकिंग. लिंक झाले म्हणजे सीडिंग झालेच असे नाही. ‘मॅडम म्हणाल्या आधार लिंक आहे’ एवढ्यावर विसंबू नका.

तपासायचे असे. माय आधार या अधिकृत संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करा. तिथे ‘बँक सीडिंग स्टेटस’ असा पर्याय आहे. त्यात बँकेचे नाव आणि स्थिती दिसते. ‘ॲक्टिव्ह’ दिसले आणि बँक तुमची असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. दुसरीच बँक दिसली, ‘इनॲक्टिव्ह’ दिसले किंवा काहीच दिसले नाही, तर ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत जा. ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असे शब्द वापरून लेखी अर्ज द्या, आधीच्या बँकेतून बदल करत असाल तर तिचे नाव लिहा, आणि पोच घ्या. चार-पाच दिवसांनी पुन्हा ऑनलाइन तपासा. नोंद बदललेली स्वतः पाहिल्याशिवाय काम झाले असे समजू नका.

एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते, आणि शेवटची जोडणी आधीची पुसते. अर्ज ऑगस्टमध्ये भरला, सीडिंग चोख होते. नोव्हेंबरमध्ये नव्या सिमबरोबर किंवा मित्राच्या आग्रहाने कुठल्या तरी पेमेंट्स बँकेत खाते उघडले आणि संमतीची चौकट न वाचता टिक केली, की पुढचा हप्ता त्या खात्यात जातो. मूळ खात्यात शोधत बसणाऱ्याला तो सापडत नाही. शिक्षण संपेपर्यंत नवे खाते उघडताना ती चौकट नीट वाचा.

खात्याच्या प्रकाराकडेही लक्ष द्या. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या ‘स्मॉल’ खात्यात एका वेळी 50,000 पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात 1 लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. इंजिनिअरिंगच्या शुल्काची मोठी रक्कम आली की ती परत जाते. शाळेत असताना उघडलेले अज्ञान खाते 18 वर्षे पूर्ण झाल्यावर नव्या सही-फोटोसह बदलून घ्यावे लागते. आणि दोन वर्षे स्वतः काहीच व्यवहार केला नसेल तर बँक ते खाते निष्क्रिय मानते. म्हणून शाखेत एकच प्रश्न विचारा : ‘या खात्यात एका वेळी लाखभर रुपये जमा होऊ शकतील का?’ उत्तर नाही असेल तर तिथेच केवायसी पूर्ण करून घ्या.

आईवडिलांचे खाते चालत नाही. आधार तुमचे, तेव्हा खातेही तुमचेच.

5. कागदपत्रे

प्रत्येक योजनेची यादी थोडी बदलते, पण हा संच जवळ असला की बहुतेक अर्ज भागतात :

- आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान
- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका; डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात आला असाल तर डिप्लोमाच्या गुणपत्रिका
- शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास दाखला, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र
- कॅपचे जागावाटप पत्र, कॉलेजची शुल्क पावती
- रेशन कार्ड, आणि राजर्षी शाहू योजनेसाठी दोन अपत्यांचे हमीपत्र
- शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र
- वसतिगृहाचे प्रमाणपत्र किंवा भाडेकरार. अल्पभूधारक दाखला किंवा मजूर नोंदणीचा पुरावा
- वडील किंवा आई हयात नसल्यास मृत्यू दाखला

यात उत्पन्नाचा दाखला सर्वांत जास्त दगा देतो. तो आर्थिक वर्षाला बांधलेला असतो आणि 31 मार्चला संपतो. ‘बारावी संपली, आता दाखले काढून ठेवू’ म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला जुलैत निरुपयोगी ठरतो. 1 एप्रिलनंतर काढा. 2025-26 च्या अर्जाला 2024-25 चे उत्पन्न दाखवणारा, 31 मार्च 2026 पर्यंत वैध दाखला लागतो. पुढच्या वर्षांसाठी हेच गणित एकेक वर्ष पुढे सरकवा. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, किंवा नोकरी असल्यास फॉर्म 16 अथवा आयकर विवरणपत्र लागते. फॉर्म 16 किंवा पगाराची चिठ्ठी थेट पोर्टलवर चढवली तर अर्ज परत येतो. दाखला तहसीलदारांचाच हवा. आई आणि वडील दोघेही कमावत असतील तर दोघांचे उत्पन्न धरले जाते.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे, म्हणजे ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. तसेच जातीचा दाखला म्हणजे जात वैधता नव्हे. वैधता जात पडताळणी समितीकडून मिळते आणि तिला वेळ लागतो. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच तो अर्ज करावा. प्रवेशाच्या वेळी समितीच्या दारात लागणारी रांग पाहिली की हे सांगावेसे वाटतेच.

जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. कोणी महाग स्टॅम्प पेपर आणायला सांगितला तर आधी सेतू केंद्रात किंवा तहसीलच्या फलकावर खात्री करा.

6. स्कॅनिंग

पोर्टलवर प्रत्येक फाईल 256 केबीपर्यंतच चढते. मोबाईलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. स्कॅनर ॲपने चारही कडा नीट कापून घ्या आणि रुंदी हजार-बाराशे पिक्सेलवर आणा. आकार त्याने उतरतो आणि अक्षरेही टिकतात. नुसता दर्जा शून्याकडे ओढला तर आकार कमी होतो पण शिक्का आणि बारकोड पुसट होतात, आणि ‘कागद अस्पष्ट’ म्हणून अर्ज मागे येतो. फाईल चढवल्यावर तिथेच उघडून पाहा. मूळ प्रत स्कॅन करा, झेरॉक्सची झेरॉक्स नको. दोन पानांचे कागद एकाच पीडीएफमध्ये घाला. मागचे पान कोरे दिसत असले तरी शिक्का तिकडे असू शकतो.

7. नोंदणी : मोबाईल तुमचा, पासवर्ड तुमचा

पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते पाहा. नोंदणी आधारच्या ओटीपीने होते. युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. हे तुम्हाला तीन-चार वर्षे लागणार आहे.

ई-सेवा केंद्रातून अर्ज भरायला हरकत नाही, पण मोबाईल, ई-मेल आणि पासवर्ड त्यांचे टाकू देऊ नका. अर्ज परत आल्याचा संदेश मग दुकानदाराच्या फोनवर जातो, त्याच्याकडे असे शेकडो अर्ज असतात. पोर्टलवर अर्ज करायला शुल्क नाही. केंद्रवाला टंकलेखनाचे घेईल तेवढेच. ‘शिष्यवृत्ती मंजूर करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो बंद करा.

8. प्रोफाईल

लॉगिननंतर लगेच योजना दिसत नाहीत. आधी वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, आधीचे शिक्षण, वसतिगृह असे भाग भरून प्रोफाईल 100 टक्के करायचे असते. त्या माहितीवरून पोर्टल तुम्हाला योजना दाखवते. म्हणून हवी ती योजना यादीत दिसली नाही तर बहुधा प्रोफाईलमधली एखादी चौकट चुकलेली असते, तुम्ही अपात्र असता असे नाही.

दाखल्यांचे क्रमांक मागितले जातात. उत्पन्न, जात आणि अधिवास दाखल्यांवर बारकोडखाली छापलेला लांब क्रमांक असतो, तो टाका. वर कुठेतरी हाताने लिहिलेला जावक क्रमांक टाकू नका. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांत गफलत होते. दाखला देणाऱ्याचा हुद्दा आणि तारीख दाखल्यावरूनच पाहून भरा.

सध्याच्या अभ्यासक्रमाचा भाग सर्वांत नाजूक. कॉलेज आणि शाखेचे नाव यादीतून निवडायचे असते आणि तिथे सारख्या दिसणाऱ्या तीन-तीन नोंदी असतात : नियमित, दुसरी पाळी, अनुदानित, विनाअनुदानित. अंदाजाने निवडू नका. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन ‘पोर्टलवर आमच्या शाखेचे नाव कोणते आहे?’ असे विचारून कागदावर उतरवून घ्या. चुकीची नोंद निवडली तर अर्ज दुसऱ्याच खिडकीत जाऊन पडतो आणि तुमच्या कॉलेजच्या क्लार्कला तो दिसतच नाही. राजर्षी शाहू योजनेचे नाव तर अनेक विभागांखाली येते. बीकॉमच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षण संचालनालयाची लागते, इंजिनिअरिंगच्याला तंत्रशिक्षणाची.

प्रवेश प्रकार ‘कॅप’ निवडून अर्ज क्रमांक जागावाटप पत्रावरचा टाका. दुसऱ्या किंवा वरच्या वर्षाला पहिल्यांदाच अर्ज करत असाल तर आधी मागचे प्रत्येक वर्ष ‘पूर्ण’ म्हणून निकालासह भरा, नंतर चालू वर्ष ‘सुरू’ म्हणून. मधले वर्ष वगळले की पोर्टल त्याला खंड समजते.

9. अर्ज सादर करणे आणि कॉलेजपर्यंत नेणे

योजना निवडा, कागद जोडा, एकदा सगळे वाचा, सादर करा. अर्ज क्रमांक टिपून घ्या, प्रिंट काढा.

इथे काम संपत नाही. अर्ज आता कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनमध्ये गेला आहे. तिथून प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये, मग विभागाच्या कार्यालयात. प्रिंट आणि झेरॉक्स प्रती कॉलेजात जमा केल्याशिवाय बहुतेक ठिकाणी क्लार्क अर्ज उघडत नाहीत. जमा करताना तुमच्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. मुदतवाढ बहुतेक वर्षी मिळते, पण शेवटच्या आठवड्यात एका क्लार्कपुढे शेकडो अर्ज असतात. विद्यार्थ्यांची मुदत आणि कॉलेजने अर्ज पुढे पाठवण्याची मुदत वेगळी असते. दुसरी चुकली तरी नुकसान तुमचेच होते.

10. दर आठवड्याला स्थिती पाहा

लॉगिनमध्ये तुम्ही केलेल्या अर्जांचा भाग आहे. ‘छाननी सुरू’ म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर आहे. ‘सेंड बॅक’ म्हणजे त्रुटी काढून परत आला आहे. ही नामंजुरी नव्हे. शेरा वाचा, तेवढीच दुरुस्ती करा आणि दिलेल्या मुदतीत पुन्हा सादर करा. शेरा मोघम असेल, उदाहरणार्थ नुसते ‘कागद जोडा’, तर कोणता कागद ते विचारूनच पाठवा. तीच चूक ठेवून पुन्हा पाठवलेला अर्ज नाकारला गेला तर मग रस्ता कठीण होतो. संदेश येईलच असे धरू नका. रविवार ठरवून ठेवा आणि लॉगिन करा.

अर्ज कॉलेजात महिनाभर हलला नाही तर प्राचार्यांच्या नावे लेखी पत्र द्या. कॉलेजने पुढे पाठवला पण विभागात अडला तर योजना कोणाची ते बघून जायचे : सामाजिक न्याय विभागाची असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे, आदिवासी विकासची असेल तर प्रकल्प कार्यालयात. पोर्टलवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक पत्रात लिहा.

11. पैसे आल्यावर

रक्कम सहसा दोन हप्त्यांत येते, आणि बरेचदा शैक्षणिक वर्ष संपत आल्यावर किंवा त्यानंतरही. पहिल्या सत्राचा खर्च या पैशांवर ठेवू नका. काही योजनांत शुल्काची रक्कम तुमच्या खात्यात येते आणि ती ठरलेल्या मुदतीत कॉलेजात भरायची असते. खात्यात एकदम मोठा आकडा दिसला म्हणून मोबाईल घेतला आणि परीक्षेच्या अर्जाच्या वेळी कॉलेजने थकबाकी दाखवली, अशी वेळ फार मुलांवर येते. जमा रकमेत शुल्क किती आणि निर्वाह भत्ता किती हे आधी पोर्टलवर पाहा; भत्ता तुमचा, शुल्क कॉलेजचे.

आधी पूर्ण शुल्क भरून घेतले असेल आणि नंतर शिष्यवृत्ती थेट कॉलेजकडे गेली असेल तर परतावा मागायला हवा. शुल्क पावती आणि मंजुरीची प्रिंट जोडून लेखी अर्ज द्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ‘फ्रीशिप कार्ड’ची तरतूद आहे, ती प्रवेशावेळी शुल्क भरावे लागू नये म्हणूनच. प्रवेशाच्या दिवशी त्याबद्दल विचारा.

12. पुढच्या वर्षी

शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही. दरवर्षी नूतनीकरण करायचे, त्याच लॉगिनने. नवे खाते उघडून ‘नवीन’ अर्ज केला तर पोर्टल दोन नोंदी पकडते आणि दोन्ही अडकतात. नूतनीकरणाला मागच्या वर्षाची गुणपत्रिका, नवा उत्पन्नाचा दाखला आणि चालू वर्षाची शुल्क पावती लागते. एटीकेटी असेल, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेला असाल, तरी अर्ज करा आणि निकालाची चौकट खरी भरा. त्या योजनेचा नियम काय म्हणतो ते कॉलेज तपासते. वर्ष पूर्ण नापास झाले तर त्याच वर्गासाठी पुन्हा लाभ सहसा मिळत नाही, पण वरच्या वर्गात गेल्यावर परत विचारा.

मधल्या काळात मोबाईल क्रमांक बदललात तर आधी आधारवर आणि मग पोर्टलवर बदला, जुने सिम बंद करण्यापूर्वी. आणि नव्या वर्षाचे अर्ज सुरू होण्याआधी बँक सीडिंगची ती एक ओळ पुन्हा उघडून पाहा.